सांबा अडतो कुठे? बग पकडण्यापासून दुरुस्ती पाठवण्यापर्यंत

जानेवारीतला सोमवार, सकाळचे साडेनऊ. जळगाव एमआयडीसीतल्या एका दालमिलमधून फोन आला. "भाऊ, काटानी फाईल उघडी नही राह्यनी." आदल्याच दिवशी मी तिथला सर्व्हर डेबियन लिनक्स 10 वरून 11 वर नेला होता. तुरीची आवक जोरात, गेटबाहेर ट्रकची रांग, आणि वजनकाट्याच्या केबिनमधला विंडोज एक्सपीचा जुना डबा सर्व्हरला ओळखच देईना. स्कॅनरचं 'स्कॅन टू फोल्डर'ही बंद पडलेलं. ऑफिसातल्या बाकीच्या पाच मशीनवर मात्र टॅली मजेत चालू.

मी धावत गेलो, कॉन्फिगमध्ये 'सर्व्हर मिन प्रोटोकॉल = एनटी1' ही एक ओळ घातली, सर्व्हिस रिस्टार्ट मारली. सगळं चालू झालं. मुनीमजींनी चहा पाजला, मी घरी आलो. ती ओळ तिथे आठ महिने तशीच राहिली. मुळात तो बग नव्हताच, आणि मी जे केलं ती दुरुस्तीही नव्हती.

त्यानंतर हळूहळू जी पद्धत बसली ती इथे मांडतोय. धुळे, नंदुरबार, जळगावकडे जिनिंग, दालमिल, केळीचे ग्रुप, पतसंस्था अशा कितीतरी ठिकाणी कोपऱ्यात एक लिनक्सचा डबा सांबा चालवत बसलेला असतो. सांबा म्हणजे लिनक्सवरच्या फाइली नेटवर्कवरून विंडोजच्या मशीनला देणारा ओपन सोर्स प्रोग्राम. तो सांभाळणाऱ्यांसाठी हा लेख आहे. ज्यांना सी येतं, पण ओपन सोर्समध्ये काम करायचं म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं हे कुणी दाखवलं नाही, अशा इकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांसाठीही आहे. आज्ञा आणि सेटिंगची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमनमध्येच करायची.

सांबात 'बरोबर' कशाला म्हणायचं

1991 च्या अखेरीस कॅनबेरात पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलने डेक कंपनीच्या पाथवर्क्स या सॉफ्टवेअरचं तारेवरचं बोलणं पकडलं आणि ते ऐकून ऐकून पलीकडचा सर्व्हर स्वतः लिहिला. हातात कागद एकही नव्हता. पुढे आधीच्या नावावरून अडचण आली तेव्हा एसएमबी या फाइली वाटण्याच्या प्रोटोकॉलच्या नावातली एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द त्याने युनिक्सच्या शब्दयादीतून ग्रेप करून काढले. त्यातला एक होता सांबा. मायक्रोसॉफ्टची प्रोटोकॉलची कागदपत्रं सांबाच्या टीमला मिळाली ती युरोपातल्या खटल्यानंतर, डिसेंबर 2007 च्या कराराने. 2008 पासून ती सगळ्यांनाच वाचायला खुली झाली.

हा इतिहास रोजच्या कामात थेट उपयोगी पडतो. सांबात 'बरोबर' म्हणजे विंडोज जे करतं ते. विंडोजचं एखादं वागणं तऱ्हेवाईक असेल तर सांबानेही ते तस्संच करायचं, कारण समोरचा क्लायंट तीच अपेक्षा धरून बसलेला असतो. म्हणून बग म्हणण्यापूर्वी एकच प्रश्न विचारायचा: हाच क्लायंट, हीच कृती, पण समोर विंडोज सर्व्हर असता तर काय झालं असतं? याचं उत्तर अंदाजाने द्यायचं नाही, करून बघायचं.

कागदपत्रांत मुख्य दस्तऐवज 'एमएस-एसएमबी2'. तो पहिल्या पानापासून वाचायला बसाल तर झोप येईल. शेवटी विंडोजच्या कुठल्या आवृत्तीत प्रत्यक्षात काय होतं याचं परिशिष्ट आहे. मी आधी तेच उघडतो; निम्मी उत्तरं तिथेच सापडतात.

घरचा अड्डा

गिऱ्हाइकाच्या चालू सर्व्हरवर प्रयोग करायचे नाहीत. घरी एक जुना डेस्कटॉप पुरतो. रॅम जरा बरी हवी, कारण त्यावर तीन-चार व्हर्च्युअल मशीन एकाच वेळी चालवायच्या आहेत. एक लिनक्स, त्यावर गिऱ्हाइकाकडे आहे तीच सांबाची आवृत्ती. दुसरी लिनक्स, त्यावर ताज्या सोर्सपासून बांधलेला सांबा. तिसरी विंडोज सर्व्हर. मायक्रोसॉफ्ट तिची 180 दिवसांची मूल्यांकन प्रत फुकट देतं, आपलं काम तेवढ्यात होतं. चौथी क्लायंटची, विंडोज 11 ची. सगळ्या एकाच आतल्या नेटवर्कवर ठेवा आणि घड्याळं जुळवून घ्या. घड्याळ जुळवणं किरकोळ वाटतं, पण लॉग एका मशीनवरचा आणि पॅकेट दुसऱ्या मशीनवरची असं झालं की दोन मिनिटांच्या फरकाने अख्खी संध्याकाळ जाते.

विंडोज सर्व्हरवर आणि दोन्ही सांबावर एकाच नावाचा शेअर (नेटवर्कवर वाटलेला फोल्डर) करा, त्यात फाइलींचा एकच संच टाका. आणि यूपीएस लावा. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी लाईट जाणं म्हणजे बातमी नव्हे, आणि अर्धवट बिल्ड पुन्हा पहिल्यापासून करताना जीव नकोसा होतो.

बग आहे की बदल?

माझ्याकडे आलेल्या तक्रारींतल्या बहुतेक बग निघाल्याच नाहीत. कुणीतरी डीफॉल्ट बदललेलं असतं, सांबाने नाहीतर विंडोजने.

दालमिलची गोष्टच घ्या. डेबियन 10 मध्ये सांबा 4.9 होता, 11 मध्ये 4.13 आला. मधल्या 4.11 ने, म्हणजे सप्टेंबर 2019 मध्ये, एसएमबी1 (वरच्या ओळीतला एनटी1 तो हाच) डीफॉल्टने बंद केला. एक्सपीला एसएमबी1 शिवाय दुसरी भाषाच येत नाही. जुन्या स्कॅनरचंही तेच. सोर्सच्या मुळाशी 'व्हॉट्सन्यू' नावाची फाइल असते, तिच्यात प्रत्येक आवृत्तीत कुठल्या सेटिंगचं डीफॉल्ट बदललं याचा तक्ता दिलेला असतो. अपग्रेडच्या आदल्या रात्री मी मधल्या सगळ्या आवृत्त्यांचे तेवढे तक्ते वाचले असते तर सोमवारचा फोन आला नसता.

चालू सर्व्हरवर आज कुठलं डीफॉल्ट लागू आहे हे 'टेस्टपार्म -व्ही' (लहान v) सांगतो. कॉन्फिग फाइलीत न लिहिलेली सेटिंगही तो दाखवतो, म्हणून फाइल उघडून वाचण्यापेक्षा हाच बरा. अपग्रेडच्या आधीचा आणि नंतरचा निकाल दोन फाइलींत ठेवून 'डिफ' मारला की बदल समोर येतात.

आता एसएमबी1 परत उघडण्याबद्दल. मे 2017 मध्ये वॉनाक्राय पसरला तो विंडोजच्या एसएमबी1 मधल्या भोकातूनच. सांबात तेच भोक नव्हतं, पण हा जुना प्रोटोकॉल सगळ्या ऑफिसासाठी उघडा ठेवणं म्हणजे काट्याच्या केबिनची किल्ली हरवली म्हणून मिलचं गेटच काढून ठेवण्यासारखं. आठ महिन्यांनी मी केलं ते असं: त्याच डब्यावर एक छोटी वेगळी व्हर्च्युअल मशीन, तिच्यावर वेगळा सांबा, त्यात फक्त काट्याचा आणि स्कॅनचा शेअर, फायरवॉलमध्ये तेवढ्या दोन आयपींना परवानगी. तिथेच एनटी1. मुख्य सर्व्हर एसएमबी2 च्या खाली उतरत नाही. एक्सपीमध्ये एनटीएलएमव्ही2 या पासवर्ड तपासण्याच्या पद्धतीची सेटिंग मी आधीच करून ठेवली होती. तुमच्याकडे ती नसेल तर प्रोटोकॉल जुळूनही पासवर्ड चुकीचा असल्याचा निरोप येईल, आणि तुम्ही पासवर्ड बदलत बसाल.

दुसरी नेहमीची तक्रार: नवा लॅपटॉप आणला आणि पासवर्ड नसलेला शेअर उघडेना. विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून प्रो आणि त्यावरच्या प्रकारांत साइनिंग, म्हणजे प्रत्येक निरोपावर सही, डीफॉल्टने सक्तीचं आहे, आणि पाहुणा म्हणून आत शिरणाऱ्याला सही करता येत नाही. सांबाचा यात काही दोष नाही. प्रत्येकाला नाव-पासवर्ड देणं हाच इलाज. विंडोजच्या रजिस्ट्रीत जाऊन ही सक्ती मोडायचे उपाय लोक एकमेकांना पाठवतात, ते करू नका.

तिसरी: 'नेटवर्क'मध्ये सर्व्हर दिसत नाही, पण पत्ता टाकला की उघडतो. ते दिसणं जुन्या नेटबायॉसवर आणि एसएमबी1 वर उभं होतं. 'डब्ल्यूएसडीडी' नावाचा छोटा प्रोग्राम बसवा. विषय संपला.

थर सोलत जायचं

हे तिन्ही नाही म्हटल्यावर बिघाड कुठल्या थरात आहे ते बघायचं. तार आणि पोर्ट, बोलणी, ओळख, परवानगी, आणि सगळ्यात आत फाइलीवरची प्रत्यक्ष क्रिया. बाहेरून आत जायचं.

पोर्ट 445 उघडं आहे का? 'एसएमबीक्लायंट'ने सर्व्हरवरूनच स्वतःचा शेअर उघडतो का? तिथे उघडला आणि विंडोजवर नाही, तर गोष्ट बोलणीत किंवा तारेवर आहे. विंडोजवर पॉवरशेलमध्ये 'गेट-एसएमबीकनेक्शन' दिलं की कुठल्या आवृत्तीवर बोलणं ठरलं ते दिसतं; सर्व्हरवर 'एसएमबीस्टेटस' तेच दाखवतो, शिवाय सही आणि एन्क्रिप्शनही. सेंटॉस-फेडोराच्या कुळातलं लिनक्स असेल तर एसईलिनक्स ही सुरक्षेची यंत्रणा एकदा तपासा.

परवानगीच्या थरात मात्र थांबायला हवं, कारण तिथे एक जुना चकवा बसलेला आहे. सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याकडे तक्रार होती: रोजचा भाव लिहायची एक्सेल शीट सकाळी दोघांनाही लिहिता येते, दुपारपासून एकालाच. बाकी सगळं ठीक. दोघं एकाच ग्रुपमध्ये, फोल्डरची परवानगी बरोबर, सांबाच्या लॉगमध्ये 'ॲक्सेस डिनाइड'.

एक्सेल सेव्ह करतं तेव्हा जुन्या फाइलीत लिहीत नाही, ही यातली मेख. ते त्याच फोल्डरमध्ये आठ अक्षरांच्या विचित्र नावाची नवी फाइल तयार करतं, सगळा मजकूर तिच्यात ओततं, जुन्या फाइलीचं नाव बदलून तिला बाजूला सारतं, नवीला जुनीचं नाव देतं आणि बाजूला सारलेली पुसतं. नाव तेच राहिलं तरी लिनक्सच्या नजरेत फाइल नवीन, तिचा मालक नवा आणि परवानग्याही नव्या. सकाळची फाइल मी हाताने परवानग्या देऊन ठेवली होती. एकाने दुपारी सेव्ह मारल्याबरोबर ती त्याची झाली. उपाय शेअरच्या व्याख्येत: 'फोर्स ग्रुप', 'क्रिएट मास्क 0660', 'डायरेक्टरी मास्क 2770'. ग्रुप पुढच्या प्रत्येक नव्या फाइलीला आपोआप लागतो. हा चकवा कळला तेव्हापासून कुठल्याही प्रोग्रामची 'सेव्ह' म्हणजे नेमक्या किती क्रिया, हे मी आधी बघतो.

पुरावा गोळा करणं

इथपर्यंत येऊनही उत्तर नसेल तर आता पुरावा. दोन गोष्टी एकाच वेळी हव्यात: सविस्तर लॉग आणि तारेवरची पॅकेट.

सांबाचा 'एसएमबीडी' प्रत्येक जोडणीसाठी साधारणपणे वेगळा प्रोसेस काढतो, याचा फायदा घ्या. सगळ्या सर्व्हरचा लॉग लेव्हल 10 वर नेलात तर पाच मिनिटांत डिस्क भरेल आणि टॅलीवाले ओरडतील. 'एसएमबीस्टेटस'मधून त्रास होणाऱ्या मशीनचा प्रोसेस क्रमांक काढा आणि 'एसएमबीकंट्रोल' मागे तो क्रमांक, मग 'डीबग 10' अशी आज्ञा द्या. तेवढाच प्रोसेस बडबड करू लागतो. कॉन्फिगमध्ये लॉगच्या फाइलनावात '%आय' (मोठा I) घातलं तर प्रत्येक आयपीची फाइल वेगळी होते. 'मॅक्स लॉग साइझ' तेवढ्या वेळापुरता वाढवा, नाहीतर हवा तोच भाग जुन्या फाइलीत ढकलला जाऊन पुसला जातो.

पॅकेटसाठी 'टीसीपीडंप -आय एनी -एस 0 -डब्ल्यू पकड.पीकॅप पोर्ट 445'. आधी क्लायंटची जोडणी तोडायची, मग पकड सुरू करायची, मग जोडायचं. सुरुवातीची बोलणी पकडीत नसली तर पुढच्या पॅकेटमध्ये वायरशार्कला (पॅकेट वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला) फक्त आकडे दिसतात, कुठली फाइल ते कळत नाही. एन्क्रिप्शन चालू असेल तर आतलं काहीच दिसणार नाही. प्रयोगापुरतं ते बंद करा, आणि तेही घरच्या अड्ड्यावरच.

मग तीच कृती विंडोज सर्व्हरसमोर करा आणि तिचीही पकड घ्या. वायरशार्कच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी. दोन्हीकडे विनंत्या त्याच असतात. उत्तर जिथे पहिल्यांदा वेगळं येतं तिथे बोट ठेवा. त्यानंतरचे सगळे फरक त्याच्याच पोटी जन्मलेले असतात, त्यांच्या मागे लागू नका. आणि लाल दिसणारी प्रत्येक ओळ बग नसते. एक्सप्लोरर फोल्डर उघडताना नसलेल्या फाइली मागतच असतो, त्यामुळे 'ऑब्जेक्ट नेम नॉट फाउंड'चा पाऊस असतो. तो विंडोजच्या पकडीतही असतो.

पुरावा बाहेर पाठवायचा असेल तर नंतर फेकून द्यायच्या पासवर्डच्या वेगळ्या खात्यावरून तो गोळा करा. पकडीत पासवर्ड उघडा नसतो, पण त्यापासून काढलेलं उत्तर असतं आणि साधा पासवर्ड त्यावरून फोडता येतो. फाइलींची नावंही गिऱ्हाइकाची असतात, त्याची उधारी जगाला कशाला दाखवायची?

जुळणीची वही

एकेक तक्रार आली की धावायचं, यापेक्षा जुळणी आधीच तपासलेली बरी. मी दोनशे पानी वहीत तक्ता आखतो. डावीकडे क्लायंट: काट्याचा एक्सपी, विंडोज 10, विंडोज 11, लिनक्सवरून माउंट केलेला, सीएकडचा मॅक, स्कॅनर, आणि हल्ली मोबाइलवरचा फाइल ॲप. वर कृती: उघडणं, एक्सेलमधून सेव्ह, दोघांनी एकदम उघडणं, फक्त अक्षरांचा लहान-मोठेपणा बदलून नाव बदलणं, उघडी फाइल पुसणं, 4 जीबीपेक्षा मोठी फाइल टाकणं, मध्येच तार काढणं. प्रत्येक चौकटीत काय झालं ते लिहायचं. नुसतं बरोबरचं चिन्ह नको. मॅक असेल तर 'कॅटिया फ्रूट स्ट्रीम्स_एक्सॲटर' हे व्हीएफएस घटक याच क्रमाने लावा आणि मग तपासा.

तार काढण्याची चाचणी आपल्याकडे फार महत्त्वाची. क्लायंटची लाईट गेली, सर्व्हर यूपीएसवर चालू. सर्व्हरला वाटतं तो माणूस अजून फाइल धरून बसलाय. लाईट आल्यावर तोच माणूस नव्या जोडणीने येतो आणि त्याची स्वतःचीच फाइल त्याला 'दुसऱ्याने उघडली आहे' म्हणून नाकारते. 'एसएमबीस्टेटस'मध्ये मेलेला प्रोसेस आणि त्याने धरलेल्या फाइली दिसतात, तेवढाच मारायचा. लिनक्सचा टीसीपी कीपअलाइव्ह पहिली विचारणा करतो तीच 7200 सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी. 'सॉकेट ऑप्शन्स'मध्ये तो वेळ कमी करून ठेवावा.

आणि देवनागरी. हा रकाना दुसऱ्या कुणाच्या तक्त्यात नसतो, म्हणून आपणच तपासायचा.

एका ऑफिसात फाइल होती: 'मौजे नशिराबाद येथील केळी पीक विमा नुकसानभरपाई प्रस्तावांची शेतकरीनिहाय अंतिम दुरुस्त यादी'. एक्सेलची. महिनाभर व्यवस्थित. मग कुणीतरी 'यादी'च्या आधी 'नवी' लिहून सेव्ह करायला गेलं आणि फाइल सेव्हच होईना. तीच फाइल, तेच नाव, त्याच मशीनच्या डेस्कटॉपवर मात्र बिनबोभाट सेव्ह.

आता मोजा. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, आणि काना, वेलांटी, हलन्त, अनुस्वार हे प्रत्येक वेगळं चिन्ह. या नावात 78 देवनागरी चिन्हं, म्हणजे 234 बाइट. 11 जागा आणि एक्सटेन्शनचे बिंदूसह 5, एकूण 250. लिनक्सच्या ईएक्सटी4 वर एका नावाची मर्यादा 255 बाइट. 'नवी' आणि तिची जागा मिळून 10 बाइट वाढले, नाव 260 वर गेलं. विंडोज मात्र यूटीएफ-16 मध्ये मोजतं. तिथे हे वाढलेलं नाव अवघं 98 चिन्हांचं, मर्यादा 255. सर्व्हरवर त्या क्लायंटच्या प्रोसेसला 'एसट्रेस' लावला तर कर्नलचं उत्तर स्पष्ट दिसतं: फाइल नेम टू लाँग.

हा बग कुणाचा? विंडोज सर्व्हरशी तुलना केली तर फरक खरा आहे. पण मर्यादा फाइलसिस्टिमची आहे, सांबाच्या कोडची नव्हे. सांबाकडे मागता येईल ते इतकंच, की क्लायंटला समजेल असा निरोप दे. गिऱ्हाइकाला मी ठोक हिशोब सांगून ठेवला आहे: मराठी नाव ऐंशी चिन्हांच्या आत.

दुसरा नमुना आणखी गमतीचा. 'शेतकऱ्यांची यादी' नावाच्या दोन फाइली एकाच फोल्डरमध्ये, डोळ्यांना शंभर टक्के सारख्या. 'एलएस'चा निकाल 'एक्सएक्सडी'मधून, म्हणजे बाइट दाखवणाऱ्या आज्ञेतून, काढला तेव्हा उलगडलं. इनस्क्रिप्टवाल्याने ऱ ची स्वतंत्र कळ दाबली होती. दुसऱ्याच्या फोनेटिक कीबोर्डने र, हलन्त, न दिसणारा जोडक आणि य अशी चार चिन्हं घातली होती. पहिल्याचे त्या जोडाक्षराचे 9 बाइट, दुसऱ्याचे 12. सांबाच्या दृष्टीने दोन वेगळी नावं. 'सांबाला मराठी येत नाही' असं म्हणून मी तावातावाने नोंद लिहायला बसलो होतो. मग आठवलं म्हणून विंडोज सर्व्हरवर तेच करून बघितलं. तिथेही दोन फाइली, शेजारी शेजारी, सारख्याच. नोंद खोडली.

कोणत्या कमिटने बिघडवलं

आधी चालायचं, आता चालत नाही, आणि 'व्हॉट्सन्यू'मध्ये काही सापडत नाही, असा खरा बग हाती लागला तर 'गिट बायसेक्ट'. चांगली आवृत्ती सांगा, वाईट सांगा, तो मधली काढून देतो. तुम्ही बांधायची, तपासायची, चांगली की वाईट सांगायचं. दर वेळी निम्मे कमिट, म्हणजे कोडमधले नोंदवलेले बदल, गळतात. दहा हजार कमिट असले तरी चौदाएक फेऱ्यांत उत्तर. तपासणी एका शेल स्क्रिप्टमध्ये बसवता आली तर 'गिट बायसेक्ट रन' रात्रभर एकटा काम करतो. एखादा कमिट बांधलाच जात नसेल तर स्क्रिप्टने 125 हा निकाल द्यायचा, म्हणजे तो वगळला जातो. मे महिन्यात जळगावला दुपारी पारा 45 च्या आसपास असतो, तेव्हा माझा लॅपटॉप स्वतःच वेग कमी करून बसतो. म्हणून फेऱ्या रात्रीच्या.

बांधायला लागणाऱ्या पॅकेजची यादी हाताने शोधू नका. सोर्समधल्या 'बूटस्ट्रॅप' फोल्डरमध्ये डेबियन, उबंटू, फेडोरा अशा प्रत्येकासाठी तयार स्क्रिप्ट आहे. मग 'कॉन्फिगर डॉट डेव्हलपर', मग 'मेक'.

आधी चाचणी, मग दुरुस्ती

कोडमधली ओळ सापडली की हात शिवशिवतात. पण आधी चाचणी लिहा, जी आज नापास होते. 'एसएमबीटॉर्चर' हा सांबाचाच तपासणीचा संच; त्यात लॉक, ओपलॉक, रीनेम, लीज अशा विषयांच्या शेकडो चाचण्या आहेत आणि त्या कुठल्याही सर्व्हरसमोर चालवता येतात. म्हणून नवी चाचणी सर्वात आधी विंडोज सर्व्हरसमोर चालवा. तिथे ती पास व्हायलाच हवी. नाही झाली, तर तुमची समजूत चुकली आहे. मग सांबासमोर चालवा. तिथे नापास व्हायला हवी. दोन्ही झालं की तुमच्याकडे बगचा निर्विवाद पुरावा आहे.

'मेक टेस्ट' पूर्ण चालवायला तास-तास लागतात, म्हणून 'टेस्ट्स =' देऊन आपल्यापुरत्याच चालवा. यासाठी रूटची किंवा खऱ्या नेटवर्कची गरज नाही. सॉकेट रॅपर नावाची लायब्ररी आतल्या आत खोटं नेटवर्क उभं करते, आणि खोटे सर्व्हर, खोटे डोमेन त्यावर एकमेकांशी बोलतात. इंटरनेट बंद असलं तरी चालतं.

सांबाच्या सोर्समध्ये 'नोनफेल' नावाची यादी असते, ठाऊक असलेल्या नापास चाचण्यांची. रीत अशी: पहिल्या कमिटमध्ये नवी चाचणी आणि तिचं नाव या यादीत. दुसऱ्या कमिटमध्ये दुरुस्ती, आणि यादीतून नाव काढलेलं. असं केलं की तपासणाऱ्याला इतिहासातच दिसतं की चाचणी आधी खरंच नापास होती. पोरं दोन्ही एकाच कमिटमध्ये घालतात आणि परत पाठवलं की नाराज होतात. तसं करू नका.

एसएमबीडी मध्येच कोसळत असेल तर थोडं वेगळं. कॉन्फिगमध्ये 'पॅनिक ॲक्शन' म्हणून 'स्लीप'ला मोठा आकडा द्या. कोसळायच्या क्षणी प्रोसेस तिथेच थांबतो, मग निवांत जीडीबी हा डीबगर लावून बॅकट्रेस घ्यायचा. डीबगची चिन्हं असलेली पॅकेजं आधी बसवा, नाहीतर नुसते पत्ते मिळतील.

पाठवणं

सांबाच्या बगझिलावर, म्हणजे बग नोंदवायच्या संकेतस्थळावर, नोंद करा: 'एसएमबीडी -व्ही'चा (मोठा V) निकाल, 'टेस्टपार्म -एस'चा निकाल, क्लायंटची नेमकी आवृत्ती, क्रमाने पायऱ्या, लॉग आणि एकाच वेळची पॅकेटची पकड, विंडोज सर्व्हरसमोरची पकड. 'चालत नाही' एवढं लिहिलेली नोंद धूळ खात पडते. तक्रार लिनक्सवरून माउंट केलेल्या शेअरची असेल तर आधी बघा, क्लायंट कर्नलमधला आहे; तो वेगळा प्रकल्प, वेगळी माणसं.

बाहेरच्याला सर्व्हरवर ताबा मिळेल असा दोष दिसला तर तो उघड्या नोंदीत टाकायचा नाही, सुरक्षा टीमला खाजगीत कळवायचा. मे 2017 मध्ये सांबात सापडलेला दोष असाच होता. लिहिण्याची परवानगी असलेल्या शेअरवर लायब्ररी टाकून ती सर्व्हरकडूनच चालवून घेता यायची, आणि 3.5.0 पासूनच्या सगळ्या आवृत्त्यांत तो होता.

दुरुस्ती गिटलॅबवर मर्ज रिक्वेस्ट म्हणून जाते. कमिटच्या पहिल्या ओळीत आधी घटकाचं नाव, मग काय केलं. खाली 'बग' अशी ओळ आणि नोंदीचा दुवा, शेवटी तुमची सही. टीममधले दोघं वाचून मान्यता देतात, मग स्वयंचलित बिल्ड पूर्ण चाचण्या चालवतो आणि तेव्हाच ते आत जातं. पहिल्यांदा पाठवणाऱ्याला कोडिंगची शैली, इंडेंट, चलांची नावं यावरून दोन-तीनदा परत येईल. सोर्समधलं 'रीडमी डॉट कोडिंग' आधी वाचलं तर एकदाच येईल.

आत गेलं म्हणजे दालमिलला पोचलं असं नाही. साधारण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते. जुन्या चालू शाखांत हवं असेल तर बगझिलावर तसं मागावं लागतं, आणि डेबियन स्थिर आवृत्तीत ते आणखी उशिरा घेतं. तोपर्यंत स्वतः बांधलेलं पॅकेज बसवायचं असेल तर 'एपीटी-मार्क होल्ड' लावा, म्हणजे पुढच्या अपडेटमध्ये ते गुपचूप पुसलं जाणार नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्याने अडतात, म्हणून होल्ड कधी काढायचा ते तेव्हाच ठरवा. मी सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवतो: कुठली आवृत्ती, कुठला पॅच, बग क्रमांक, तारीख. दालमिलच्या कपाटात असे तीन कागद आहेत. सगळ्यात खालचा एनटी1 चा, त्यावर लाल पेनाने काट मारलेली.